झाकली मूठ नऊ हजारांची

प्रति,
खानदानी गुप्तरोगतज्ज्ञ, वैद्यराज महोदय,
मुक्काम : लॉज, जिन्याजवळची खोली, महिन्यातून दोन दिवस.



पत्र लिहिण्यास कारण की, मार्चअखेर आली. मी जालन्याच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे. सोयाबीन, हरभरा, तूर, सगळ्याचा पै-पैचा हिशेब लागला, पण घरच्या वहीतलं एक खातं काही केल्या मिटेना. त्या पानावर मथळा म्हणून नुसतं ‘किरकोळ’ लिहिलंय आणि खाली बेरीज आहे ९,००० रुपये. ही रक्कम आपल्या चरणी वाहिलेली. नऊ हजारांना किरकोळ का म्हणावं लागलं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. वही बायको चाळते.

पत्र खुलं आहे याबद्दल क्षमस्व. तुमचा सगळा धंदा कडी लावून चालतो, म्हणून हिशेब तरी उघड्यावर करावा म्हटलं. पदवी घेऊन, नोंदणी करून, स्वतःच्या नावाची पाटी लावून बसणाऱ्या खऱ्या वैद्यांची आधीच माफी मागतो. ‘वैद्यराज’ हा शब्द मी तुमच्याच जाहिरातीतून, तुमच्यापुरताच उसना घेतलाय.

सुरुवात कौतुकाने करतो. आमच्या जालन्याला जुनी माणसं सोन्याचा पाळणा म्हणतात. इथे बियाण्यांच्या कंपन्या आहेत, सळईचे कारखाने आहेत, मोसंबीचा बाजार आहे. जाहिरातीवर सगळेच पैसा ओततात. पण गिऱ्हाईक नेमकं कुठे गाठावं, हे तुमच्याइतकं कुणालाच कळलेलं नाही. तुम्ही मुतारीची भिंत निवडली. तिथे माणूस एकटा असतो, घाईत असतो, आणि ज्या गोष्टीची त्याला काळजी लागलीय ती त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर असते. मान वर केली की तुमची अक्षरं : ‘मोड, मस्से, गुप्तरोग. एकाच भेटीत मुळासकट. पुन्हा उगवल्यास पैसे परत. नावगाव गुप्त.’ मी मान वर केली, हा माझा गुन्हा.

तेव्हा मला तीन मोड होते. तांदळाच्या कणीएवढे, अंगाच्याच रंगाचे. दुखत नव्हते, खाजत नव्हते. दुखलं असतं तर डॉक्टरकडे गेलो असतो. दुखत नव्हतं म्हणून नुसती लाज वाटली, आणि लाजेवर औषध फक्त तुमच्याच भिंतीवर लिहिलेलं होतं. महिनाभरात त्यांना फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे तुरे फुटले आणि मी जिना चढलो.

तुम्ही माझी नाडी धरली, डोळे मिटले आणि निदान सांगितलंत : उष्णता. अंगातली गरमी खाली उतरली आणि तिथे फुटली. मी पँट सोडण्याआधीच तुमचं निदान झालेलं होतं. मग टेबलाखालून काचेची बरणी काढलीत. तिच्यात तेलात बुडवलेली काळी मुळं होती. ‘हे बघा, एका पाटलांच्या मोडाचं मूळ.’ मी बघितलं. शेतकऱ्याचा पोरगा आहे मी, हराळीची मुळी ओळखतो. पण त्या खोलीत माणूस मुळी ओळखायला जात नाही.

लेप लावलात. चुना आणि धुण्याच्या सोड्याचा वास मला कळला, तोवर आगही कळली. सातव्या दिवशी खपली पडली. तुम्ही ती चिमट्यात धरून म्हणालात, ‘निघालं मूळ.’ निघताना कानाशी लागून मोलाचा सल्ला दिलात, ‘बायकोला काही बोलू नका, संसार मोडतो.’ सल्ल्याचे पैसे वेगळे घेतले नाहीत. तेवढं एकच फुकट मिळालं आणि पुढे तेच सगळ्यात महाग पडलं.

सहा आठवड्यांनी पाच उगवले.

भिंतीवरच्या ‘पैसे परत’ची आठवण मी भीतभीत करून दिली, तेव्हा तुम्ही मला विचारलंत, ‘वांगं खाल्लं होतं का?’ वैद्यराज, मराठवाड्यात सहा आठवडे वांगं न खाल्लेला माणूस तुम्हाला कुठे सापडणार होता? पथ्य मी मोडलं, म्हणून पैसे परत नाहीत. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. वांग्याच्या भरतासकट पहिल्यांदाच ऐकल्या. पुन्हा लेप. तिसऱ्या खेपेला आठ झाले, तेव्हा दोष रक्तात गेला आणि काढ्याच्या चार बाटल्या आल्या. आपली म्हण आहे, गरज सरो नि वैद्य मरो. तुम्ही तिच्यावर नामी तोड काढलीत. गरज सरूच द्यायची नाही.

तर घ्या हिशेब. नाडीपरीक्षा ३०० रुपये. पहिला लेप १,२००. भस्माच्या साठ पुड्या ३,०००. दुसरा लेप, ‘खोलवरचा’, २,५००. रक्तशुद्धीचा काढा २,०००. एकूण ९,०००. पदरात काय पडलं? आठ मोड, भाजल्याची जखम, अजूनही न गेलेला एक पांढरा डाग आणि चार महिने बायकोशी चोरासारखं वागणं.

शेवटी जखम चिघळली म्हणून सिव्हिल गाठलं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे पडत नाहीत, हे तुमच्या गिऱ्हाइकांना कळू नये अशी तुमच्या वतीने मीच देवाला प्रार्थना करतो. दारावरची पाटी वाचून पाय अडखळला : ‘त्वचा व गुप्तरोग’. आत तिशीच्या मॅडम. मी उभाच. त्या म्हणाल्या, ‘काका, लाजायचं असेल तर बाहेर लाजून या, आत रांग आहे.’ दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, ‘चामखीळ आहे. हातावर येते तशीच, फक्त जागा वेगळी. आणि हे भाजलंय कुणी?’

मी तुमचं नाव सांगितलं नाही. सांगणार काय? नऊ हजार देऊनही मला ते ठाऊक नव्हतं. नावगाव गुप्त ठेवण्याचं वचन तुम्ही तंतोतंत पाळलंत, फक्त ते तुमच्या स्वतःच्या नावाबद्दल होतं.

आता त्या दवाखान्यात जे ऐकलं आणि नंतर स्वतः वाचलं, ते तुमच्या माहितीसाठी मांडतो. साठ पुड्यांच्या गिऱ्हाइकाने गुरूला एवढी दक्षिणा द्यायलाच हवी.

पहिली गोष्ट : उष्णता नाही, विषाणू. चामखिळीचा रस इतक्या बारीक गाळणीतून गाळला की जिवाणूही अडकावा, आणि तो गाळलेला रस अंगात टोचला, तरी नवी चामखीळ उठते, हे इटलीतल्या जुझेप्पे चुफो नावाच्या डॉक्टरने १९०७ साली दाखवलं. स्वतःच्या अंगावर. तुम्ही प्रयोग दुसऱ्याच्या अंगावर करता, पद्धतीतला तेवढाच फरक. त्या विषाणूचं नाव ह्यूमन पॅपिलोमा, लोक एचपीव्ही म्हणतात. त्याच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि गुप्तांगावरच्या दहापैकी नऊ मोडांमागे त्यातल्या दोनच असतात, क्रमांक ६ आणि ११. तो कातडीला कातडी लागून जातो आणि संबंधातून पसरतो. वांग्यातून पसरत नाही.

दुसरी गोष्ट : मोडाला मूळ नसतं. तुमची बरणी त्यामुळे फारच अडचणीत येते. चामखीळ कातडीच्या वरच्या थरातच वाढते, खाली मुळ्या सोडत नाही. मग ती पुन्हा का येते? हे आम्हा जालन्याच्या लोकांना चटकन कळावं. गाजरगवत उपटलं की रान साफ दिसतं, पण बी मातीत पडलेलं असतं. एक सर आली की पुन्हा हिरवं. तसं मोड गेला तरी आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीत विषाणू दडून असतो. म्हणून मोड जाळा, गोठवा, कापा, काहीही करा, उपचार दिसणाऱ्या मोडाचा होतो. दडलेल्या विषाणूला मारणारं औषध जगात कुणाकडेच नाही. त्याला दाबून ठेवतं ते आपल्याच अंगातलं बळ, आणि त्याला वेळ लागतो. पुन्हा येणारे मोड बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत येतात. पहिल्याच दिवशी मॅडमनी मला तोंडावर सांगितलं, ‘जातील. पण परत येऊ शकतात. आले तर घाबरू नका, परत या.’

वैद्यराज, मी पंचवीस वर्षं बाजारात आहे. माल विकताना ‘खराब निघू शकतो’ असं म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. तुम्ही शंभर टक्के हमी दिली होतीत. त्या दिवशी मला पाठ झालं : या आजारात जो हमी देतो तो ठक, आणि जो ‘परत येऊ शकतं’ म्हणतो तो डॉक्टर.

तिसरी गोष्ट तुम्हाला आवडेल. काही मोड काहीही न करता आपोआप जातात. म्हणजे तुमच्या भिंतीवरच्या ‘हजारो रुग्ण बरे’ यातले काही जण खरोखर बरे झाले असतील. त्यांच्या शरीराने काम केलं, पैसे तुम्ही घेतलेत. शिवाय कित्येक पुरुषांना तिथे मोत्यांच्या माळेसारखे बारीक दाणे असतात. तो आजारच नव्हे, अंगाची नैसर्गिक ठेवण आहे. असा घाबरलेला कोवळा पोरगा तुमच्या जिन्यावर आला, तर तुमचं घबाडच. जे मुळात नाही ते बरं करायला कितीसा वेळ लागतो?

चौथी गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. गरमीचा खरा आजार, म्हणजे सिफिलिस, त्याचेही मोड येतात. चपटे, ओलसर, पांढुरके. नुसत्या नजरेने फसगत होते. म्हणून रक्त तपासतात, आणि सिफिलिस निघाला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तो बरा होतो. एचआयव्हीचीही तपासणी करतात, कारण अंगातली ताकद खचली असेल तर मोड हट्टाने परत येतात. माझ्या दोन्ही तपासण्या झाल्या, दोन्ही चांगल्या निघाल्या. तुमच्या खोलीत रक्त कुणी काढत नाही. किती सिफिलिसवाले तुमचा लेप लावून, खपली दाखवून, खूश होऊन घरी गेले असतील? ते आपल्या बरणीत मोजत नाहीत.

आता औषधांचं ऐका. सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमात गुप्तरोगांसाठी सात रंगांची तयार पाकिटं असतात : करडं, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं, काळं. स्रावाला वेगळं, जखमेला वेगळं, जांघेतल्या गाठीला वेगळं. मोडांसाठी एकही पाकीट नाही, कारण मोड घालवणारी खायची गोळीच नाही. तिथे वरून उपचार करावा लागतो. मी मात्र साठ पुड्या मधातून चाटल्या.

वरून लावायचं जे जुनं औषध मला दिलं, त्याचं नाव पोडोफायलिन. आता दचकू नका. ते हिमालयातल्या बनककडीसारख्या झाडांच्या मुळांपासून काढलेल्या राळेतून येतं. होय, मुळांपासून. अस्सल जडीबुटी सरकारी दवाखान्यात होती आणि तुमच्याकडे धुण्याचा सोडा. ती लावायची रीत मात्र बघा. आधी भोवतालच्या चांगल्या कातडीला व्हॅसलिन. मग मोडावर काडीच्या टोकाने थेंबभर. सुकेपर्यंत थांबायचं. काही तासांनी धुवायचं. आठवड्याने पुन्हा. जास्त लावलं तर अंगात भिनून विषबाधा होते आणि गरोदर बाईला तर ते वर्ज्यच. विषाला इतकं जपून हाताळणारी माणसं बघितली आणि तुमचा पोळी लाटल्यासारखा थापलेला लेप आठवला.

घरी लावायची मलमंही आहेत. त्यातलं इमिक्विमॉड मोडाला जाळत नाही, कातडीतल्या पहारेकऱ्यांना जागं करतं. आठवड्यातून तीनदा, रात्री लावून सकाळी धुवायचं, जास्तीत जास्त सोळा आठवडे. त्याला धीर लागतो. जिथे सोय आहे तिथे उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने मोड गोठवतात, आम्लाचा थेंब देतात, कॉटरीने किंवा लेझरने जाळतात. गरोदरपणात औषध लावण्यापेक्षा गोठवण्याकडे कल असतो. जाळताना जागा बधिर करतात आणि धूर ओढून घेणारं यंत्र लावतात, कारण त्या धुरातही विषाणू असू शकतो. तुमच्या खोलीत धूर निघाला होता तो उदबत्तीचा.

माझे मोड चार आठवड्यांत गेले. दोन महिन्यांनी एक परत आला. मी गेलो, मॅडमनी कॉटरीने काढला, दहा मिनिटांत बाहेर. वांग्याचा विषय निघाला नाही. परत येऊ नयेत म्हणून जे सांगितलं ते इतकं साधं होतं की त्याचे पैसे मागायला तुमचीही जीभ रेटली नसती : जखम भरेपर्यंत संबंध नको. नंतर निरोध वापरा. झाकली जात नाही तेवढ्या कातडीवरून विषाणू पोचू शकतो, म्हणून पूर्ण भरवसा नको, पण धोका कमी होतो. त्या जागी ब्लेड चालवू नका, बारीक कापलं की विषाणू शेजारी पेरला जातो. बिडी सोडा, ओढणाऱ्यांचे मोड चिवट असतात. साखर असेल तर ती आटोक्यात ठेवा. तीन महिने स्वतः बघत राहा. आणि शेवटचं, ‘वहिनींना घेऊन या.’

इथे माझी तुमच्याशी खरी तक्रार सुरू होते.

चार महिने मी घरात तोंड लपवून वावरलो. ती विचारायची, ‘अहो, झालंय काय?’ मी म्हणायचो, मार्केट पडलंय. तुमच्या सल्ल्याने संसार वाचवत होतो ना! प्रत्यक्षात तिला काही झालंय का हे बघायला उशीर करत होतो. मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं की हा विषाणू अंगात शिरल्यापासून मोड दिसेपर्यंत आठवडे, महिने, कधी वर्षंही जातात. पुष्कळांच्या अंगात तो येतो आणि काही न दिसता निघूनही जातो. त्यामुळे कुणी कुणाला दिला, कधी दिला, याचा पंचनामा होत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. घरी आल्यावर मला लग्नाआधीची एक गोष्ट सांगावी लागली. ती तीन दिवस बोलली नाही. ते तीन दिवस मी तुमच्या खात्यावर टाकत नाही, ते माझे आहेत. त्याआधीचे चार महिने मात्र तुमचे.

चौथ्या दिवशी ती बोलली ते असं, ‘नऊ हजारांत शेळी आली असती.’

तुम्ही मला आणखी एक भीती घातली होतीत, ‘इलाज अर्धवट सोडलात तर कॅन्सर होईल.’ तीही खोटी निघाली. मोड आणणारे ६ आणि ११ हे कॅन्सरचे विषाणू नव्हेत. बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर त्यांचे थोरले भाऊ आणतात, मुख्यतः १६ आणि १८. ते शोधून काढणाऱ्या जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. पण एकाच अंगात धाकटे-थोरले दोन्ही असू शकतात, म्हणून मोड असोत-नसोत, तिशी ओलांडलेल्या बाईने तपासणी करून घ्यावीच. पाच मिनिटांची तपासणी असते. तिची झाली, सगळं ठीक निघालं.

आणि ही विद्या अमेरिकेतून आलेली आहे असं समजू नका. ती आपल्या शेजारच्या शिवारात पिकलीय. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, खेड्यापाड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. २००९ साली त्याचा निकाल छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. दुष्काळी खेड्यांतल्या, शेतात राबणाऱ्या बायका नमुना द्यायला पुढे आल्या. लाजेचं तुणतुणं वाजवत जिना चढलो मी, मिशा असलेला माणूस.

आणखी एक गोष्ट तुमच्या धंद्याच्या मुळावर येणारी आहे. मुळं तुम्हाला आवडतात म्हणून सांगतो. या विषाणूची लस निघालीय. २००९ मध्ये बार्शी, पुणे, मुंबईसह देशात नऊ ठिकाणी १० ते १८ वयाच्या मुलींना तिचे दोन आणि तीन डोस देऊन तुलना सुरू झाली. दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद पेटला, २०१० च्या एप्रिलमध्ये सरकारने लसीकरण थांबवायला लावलं आणि हजारो मुली एकाच डोसवर राहिल्या. डॉक्टरांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. २०२१ मध्ये दिसलं की टिकून राहणाऱ्या १६ आणि १८ च्या संसर्गाविरुद्ध एक डोसही जवळपास तितकाच भारी पडतो. २०२२ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागे हाही पुरावा होता. अर्धवट राहिलेलं काम प्रामाणिकपणे लिहून ठेवलं तर जगाच्या कामी येतं. तुमच्याकडे पावतीसुद्धा मिळत नाही.

आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस आहे. जुलै २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली आणि २०२३ च्या जानेवारीत ती बाजारात आली. तिच्यात १६ आणि १८ बरोबर ६ आणि ११ ही आहेत, म्हणजे कॅन्सर आणि मोड, दोन्हींवर राखण. वय ९ ते १४ असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, त्यापुढे तीन. लस घेताना ती किती जातींवर आहे हे विचारावं. नुसत्या १६ आणि १८ वाल्या लसीने मोड थांबत नाहीत. आधी आलेले मोडही तिने जात नाहीत, म्हणून माझ्यासाठी ती वरातीमागून घोडं. तिची खरी वेळ विषाणू अंगात शिरण्याआधीची.

ऑस्ट्रेलियाने २००७ साली मुलींना लस द्यायला सुरुवात केली. तिथल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या एकवीस वर्षांखालच्या मुलींपैकी तेव्हा ११.५ टक्क्यांना मोड असायचे. २०११ मध्ये हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली उतरलं. आणि लस न घेतलेल्या त्याच वयाच्या मुलांतही ते १२.१ वरून २.२ टक्क्यांवर आलं, कारण मुलींकडे विषाणू फारसा उरलाच नव्हता. वैद्यराज, चार वर्षांत. तिथे तुमच्यासारखे कुणी असतील तर त्यांनी एव्हाना दुसरा धंदा धरला असेल.

माझी लेक अकरा वर्षांची आहे. पहिला डोस तिच्या आईने नेऊन दिला. ‘पैसे कुठल्या खात्यावर टाकू?’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘किरकोळवर टाकू नका.’

थोडं कायद्याचं. १९५४ सालचा एक केंद्रीय कायदा आहे, औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा. ज्या आजारांवरच्या इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे त्यांची यादी त्यात आहे आणि गुप्तरोग त्या यादीत आहेत. नोंदणी असलेल्या डॉक्टर-वैद्याला स्वतःच्या दवाखान्यावर पाटी लावायची मुभा आहे. मुतारीची भिंत कुणाचाही दवाखाना ठरत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पुढच्याला वर्षभर. कायदा सत्तर वर्षांचा झाला आणि तुमची भिंत दर दिवाळीला नव्याने रंगते. याचं कारण मला माहीत आहे. तक्रार करायची तर तक्रारदाराला सांगावं लागतं की त्याला कुठे काय झालं होतं. तुमचा वकील तीच आमची लाज, आणि ती एक पैसा फी घेत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुमच्या धंद्याचं भांडवल ही एवढी एकच म्हण. आम्ही मूठ झाकायची, सव्वा लाख तुमच्या खिशात. माझी मूठ नऊ हजारांना उघडली. मंठ्याच्या, भोकरदनच्या, घनसावंगीच्या कुणाची वीस हजारांना उघडेल, ऊस तोडून आणलेल्या उचलीतून. सळईच्या कारखान्यात भट्टीपुढे उभं राहणारा परमुलखातला पोरगा तर मूठ उघडायच्या आत दुसऱ्या गावी जाईल.

म्हणून हे पत्र वाचणाऱ्याला दोन शब्द. तिथे काही उगवलं असेल तर जिना चढू नका, केसपेपर काढा. जोडीदाराला बरोबर न्या. परत आलं तर परत जा, यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. तोंड दाखवायचंच नसेल तर १०९७ हा सरकारी फोन आहे, तो फुकट आहे आणि तो नाव विचारत नाही. घरात नऊ वर्षांपुढची लेकरं असतील तर लसीबद्दल डॉक्टरांना विचारा, मुलगा असला तरी.

वैद्यराज, तुमचं खातं मी असं बंद करतोय : येणे ९,००० रुपये, बुडीत. चूकभूल द्यावी घ्यावी.

एक चूक मीच सांगून टाकतो. या पत्राखाली सही आहे, नाव नाही. लिहायला घेतलं तेव्हा नाव घालायचं ठरवलं होतं. शेवटाला आलो आणि पेन अडलं, उद्या मोंढ्यात हमालांपुढे उभं राहायचंय. म्हणजे लाज अजून पुरती फिटलेली नाही. तेवढी बाकी तुमच्या नावे जमा आहे, आणि तेवढ्यावर तुमची भिंत अजून उभी आहे.

आपला माजी गिऱ्हाईक,
एक मुनीम,
मोंढा, जालना.